मसूर स्टेशन, आबांची बाग आणि आपली सुट्टी

एप्रिल महिना आपल्यासारख्यांना कसा जातो, हे वेगळं सांगायला नको. वर्गणी, परवानग्या, पोलिस ठाण्याच्या फेऱ्या, व्याख्यानं, मिरवणूक आणि मग उरलेल्या हिशेबावरून होणारी भांडणं. या वर्षीही तसंच झालं. जयंतीचा मंडप उतरला, घसा बसला आणि मी पुढच्या बैठकीची तारीख बघत होतो, तेवढ्यात सहचारिणीनं सांगितलं, “लेकीची परीक्षा २५ ला संपतेय. २६ ला आम्ही गावी जातोय, १ मे पर्यंत. तू येणार असशील तर तीन तिकिटं काढ, नाहीतर दोन.”

मी तीन काढली. पण खरं सांगायचं तर मनात अपराधी वाटत होतं. गेली चार वर्षं मी गावी एका रात्रीच्या वर राहिलो नव्हतो. संध्याकाळी जायचं, आबांशी दोन शब्द बोलायचे, सकाळी पहिली गाडी धरायची. कारण एकच, ‘इकडे कामं आहेत.’ आबांनी कधी तक्रार केली नाही. आईनं केली, पण ती हसत हसत, “समाज सांभाळतोयस, चांगलंय. आमीबी समाजातच येतो का न्हाई?”

गावी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारातल्या बहाव्याचा फोटो आमच्या कार्यकर्त्यांच्या ग्रुपवर टाकला. पिवळ्याजर्द फुलांचे झुपके, खाली उभी असलेली माझी नऊ वर्षांची लेक. पाचच मिनिटांत एका तरुण सहकाऱ्याचं उत्तर आलं, “दादा, बागेत रमलात वाटतं. चळवळ सुट्टीवर गेली का?”

त्यानं ते चेष्टेत लिहिलं होतं हे मला कळतं. पण ते मला लागलं. कारण हा प्रश्न त्याचा एकट्याचा नाही. दहा वर्षांपूर्वी मीच तो दुसऱ्या कुणाला विचारला असता. फुलं, सुट्टी, झोपाळ्यावर बसून पुस्तक वाचणं ही सगळी खात्यापित्या मध्यमवर्गाची थेरं, आपल्याला लढायचंय, असं आपल्यातल्या बऱ्याच जणांना मनापासून वाटतं. या पाच दिवसांत त्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. ते त्या मित्राला फोनवर देता आलं असतं, पण ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे, म्हणून इथे लिहितोय.

आधी बाग. बाग म्हटल्यावर कुणाच्या डोळ्यांपुढे हिरवळ आणि कारंजं येत असेल तर ते पुसून टाका. आमचं घर वस्तीच्या टोकाला, खटावकडच्या दुष्काळी पट्ट्यात. दारापुढची जागा जेमतेम दीड गुंठा. त्यात बहावा, सोनचाफा, दोन जास्वंदी, मोगऱ्याचे सात वेल, कण्हेर, कुंपणावर बोगनवेल आणि बाकी जे काही ते कुंड्यांत. कुंड्याही कसल्या, फुटके माठ, रंगाचे डबे, एक जुनी बादली. नळाला पाणी दिवसाआड येतं. आबा मोरीचं पाणी वळवून आळ्यात सोडतात, उसाचं पाचट आणून झाडांच्या बुडाशी पसरतात आणि प्रत्येक झाडाशेजारी एक मडकं मातीत पुरून ठेवलंय, ते भरलं की दोन दिवस ओल टिकते. चैत्र सरताना बाहेरचं सगळं रान करपून गेलेलं असतं. पळसाची फुलं कधीच गळून शेंगा लोंबायला लागलेल्या असतात. अशा वेळी त्या दीड गुंठ्यात पहाटे मोगरा उमललेला असतो आणि त्याचा वास रस्त्यापर्यंत जातो.

माझ्या लेकीनं पहिल्याच दिवशी मोगऱ्याच्या कळ्या तोडायला हात घातला. आबा तिच्यावर कधी आवाज चढवत नाहीत. ते फक्त म्हणाले, “ऱ्हाऊ दे बाळा. झाडावर बघ.”

“का? देवाला... म्हणजे बुद्धांच्या फोटोला घालू ना.”

“तितं खाली पडल्याला चाफा घालायचा. पडल्यालं फूल चालतं त्यांना.”

तिनं पुन्हा ‘का’ विचारलं. नऊ वर्षांची पोरं का थांबतात? आणि मग आबांनी जे सांगितलं, ते मी इतक्या वर्षांत कधी ऐकलं नव्हतं.

आबा माळी होते. जातीनं नव्हे, कामानं. एका सरकारी वसाहतीत साहेब लोकांच्या बंगल्यांची बाग ते बघायचे. पहिली अकरा वर्षं रोजंदारीवर. मुकादमाच्या हजेरीपटावर खाडा पडला की त्या दिवसाची मजुरी गेली. ताप असो, मयत असो, लग्न असो. १४ एप्रिललासुद्धा ते पहाटे चारला उठून सगळ्या वाफ्यांना पाणी घालून यायचे आणि मग पांढरा सदरा घालून मिरवणुकीला उभे राहायचे. हे आम्ही पोरं बघत आलो होतो. न बघितलेलं होतं ते हे. एका बंगल्यावर रोज सकाळी पूजेसाठी परडीभर फुलं तोडून द्यायचं काम त्यांच्याकडे होतं. परडी पायरीवर ठेवायची आणि मागे सरकायचं. मग आतून कुणीतरी यायचं, परडीवर तांब्यातलं पाणी शिंपडायचं आणि ती आत न्यायचं.

“झाड म्या लावलेलं. खत म्या घातलेलं. छाटणी माझी. फूल माज्याच हातानं तोडल्यालं,” आबा म्हणाले. “मला लई दिस वाटायचं, पानी शिंपडल्यानं काय निघून जात आसंल त्या फुलातनं?”

लेक गप्प झाली. मीही. आबा खुरप्यानं आळं सारखं करत राहिले. थोड्या वेळानं म्हणाले, “तवापास्नं ठरवलं हुतं, आपल्या दारात झाड लावीन तवा फूल तोडायचं न्हाई. लई तोडली. ट्रक भरंल येवढी तोडली. आता बघायची.”

मित्रांनो, फुलाला जात नसते हे वाक्य आपण शाळेत निबंधात लिहिलंय. फुलाला नसेल. ज्या हातांनी ते वाढवलं त्या हातांना होती, आणि तेवढ्यासाठी परडीवर पाणी पडत होतं. म्हणून आबांच्या दारातल्या मोगऱ्याकडे बघून जर कुणी मला म्हणालं की हा मध्यमवर्गीय छंद आहे, तर मी आता वाद घालीन. दुसऱ्याच्या बागेत उभा जन्म राबलेल्या माणसानं स्वतःसाठी लावलेलं झाड आहे ते.

आता वाचनाकडे येतो. सुट्टीत वाचायला मी एकच पुस्तक नेलं होतं, बाबासाहेबांचं ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’. तुमच्यापैकी अनेकांनी ते वाचलं असेल. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेल्या या छोट्या आठवणी बाबासाहेबांच्या हयातीत छापल्या गेल्या नाहीत. पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं त्या १९९० साली पुस्तिकेच्या रूपात काढल्या आणि पुढे महाराष्ट्र शासनाच्या ‘लेखन आणि भाषणे’ मालेच्या १२ व्या खंडात त्या आल्या. मराठी अनुवादही आपल्या पुस्तकांच्या स्टॉलवर सहज मिळतो. मी स्वतः ते कॉलेजात असताना वाचलं होतं, म्हणजे खरं तर भाषणासाठी त्यातले प्रसंग उचलले होते. उचलणं आणि वाचणं यात फरक असतो, तो मला या वेळी कळला.

दुपारी ऊन उतरेपर्यंत बाहेर पडायची सोय नव्हती. आबा, आई, थोरले भाऊ, वहिनी, त्यांची पोरं, सगळे सोप्यात. लेकीला म्हटलं, “तू वाच मोठ्यानं.” तिनं पहिलाच प्रसंग सुरू केला. साल १९०१. आई वारलेली. सुभेदार रामजी नोकरीसाठी खटाव तालुक्यातल्या गोरेगावला, दुष्काळात लोकांना काम मिळावं म्हणून सरकारनं काढलेल्या तलावाच्या कामावर खजिनदार. पोरं साताऱ्यात आत्याजवळ. आणि वडिलांचं पत्र येतं, उन्हाळ्याच्या सुट्टीत माझ्याकडे या.

“म्हणजे ते पण सुट्टीतच चालले होते?” लेकीनं विचारलं.

हो. सुट्टीतच. घरात केवढी गडबड. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं. त्या पोरांनी तोवर आगगाडी बघितलेली नव्हती. ती गाडीत बसली, डोळे भरून सगळं बघत निघाली, आणि संध्याकाळी ज्या स्टेशनावर उतरली त्याचं नाव लेकीनं वाचलं आणि ती थांबली.

“मसूर? म्हणजे आपलंच मसूर?”

दोन दिवसांपूर्वी आम्ही पॅसेंजरनं त्याच मसूरला उतरलो होतो. थोरले भाऊ जीप घेऊन आलेले होते. फलाटावरच त्यांनी लेकीला उचलून घेतलं, स्टेशनाबाहेर उसाचा रस पाजला आणि तासाभरात आम्ही घरी होतो. मी त्या स्टेशनावरून शेकडो वेळा चढलो-उतरलो आहे. पुस्तकातही ते नाव वाचलेलं होतं. पण या दोन गोष्टी माझ्या डोक्यात कधी एकत्र आल्याच नव्हत्या. त्या एका नऊ वर्षांच्या पोरीनं आणून ठेवल्या.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. घ्यायला कुणीही आलेलं नव्हतं, कारण येत असल्याचं पत्र रामजींच्या नोकरानं त्यांना दिलंच नव्हतं. चांगले कपडे बघून स्टेशन मास्तरला ही ब्राह्मणांची मुलं वाटली. जात कळल्यावर त्याचा चेहरा बदलला. गाडीवान तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडं, आणि वर ही अट की बैलगाडी पोरांनीच हाकायची, गाडीवान बाजूनं चालणार. रात्र झाली. सोबत डबा होता, पण वाटेत मिळालं ते गुराढोरांनी घाण केलेलं, वास येणारं पाणी. मध्यरात्री टोलनाक्यावर, गाडीवानाच्या सांगण्यावरून, आपण मुसलमान आहोत असं सांगून पाणी मागून पाहिलं, तरी मिळालं नाही. पोरं उपाशी झोपली.

“पण डबा होता ना त्यांच्याकडे?” लेक म्हणाली. “मग उपाशी का?”

वहिनींनी सांगितलं, “पाण्याबिगर घास उतरत न्हाई बाळा घशाखाली.”

“पण पाणी तर होतं ना तिथं?”

“व्हतं,” आबा म्हणाले आणि उठून बाहेर गेले. सकाळीच भरलेली मडकी ते पुन्हा भरत होते.

मी त्या क्षणी काहीही बोललो नाही. इथे बोलतो. आपण हा प्रसंग अस्पृश्यतेचा चटका म्हणून सांगतो, आणि तो आहेच. पण नीट वाचा. त्या पोरांकडून काय हिरावून घेतलं गेलं? पाणी, हो. पण त्याआधी सुट्टी. नव्या टोप्या घालून वडिलांकडे निघालेल्या पोरांचा आनंद हिरावून घेतला गेला. जातिव्यवस्था फक्त तुमचं श्रम आणि तुमची जमीन घेत नाही. ती तुमची मौजही घेते. प्रवासाला निघालात तर प्रवास नासवते, फूल वाढवलंत तर फुलावर पाणी शिंपडते.

दुसऱ्या दिवशी दुसरा प्रसंग वाचला. बडोद्याचा. परदेशात शिकून आलेले बाबासाहेब बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू व्हायला जातात. राहायला जागा नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहतात. वरच्या मजल्यावर ते एकटे, रात्री कंदिलाचा उजेड, वटवाघळांची फडफड. अशा वेळी त्यांनी काय केलं? वाचलं. पुस्तकात बुडून जाऊन एकटेपण विसरायचा प्रयत्न केला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगण्यात आलं. मित्रांनीही घर दिलं नाही. मुंबईची गाडी रात्रीची होती. तोवरचा वेळ त्यांनी शहरातल्या एका सार्वजनिक बागेत काढला. कमाठी बागेत.

ही तीच बाग, जिला सयाजीबाग म्हणूनही ओळखतात आणि जिथे दर वर्षी २३ सप्टेंबरला संकल्प दिनी आपले लोक जमतात. आपण तिथे जातो तेव्हा संकल्पाबद्दल बोलतो. बाबासाहेबांनी स्वतः मात्र त्या काही तासांबद्दल फार थोडं लिहिलंय. मन रिकामं झालेलं, मनात दुःख, आणि आईवडिलांची आठवण. बस. कोलंबियात शिकून आलेला तो माणूस एका बागेत बसून लहान पोरासारखी आईवडिलांची आठवण काढत होता. शहरातल्या एकाही घरानं त्यांना आत घेतलं नाही. बसायला जागा मिळाली ती बागेत, कारण ती कुणाच्या घरची नव्हती, सगळ्यांची होती.

आबांनी हे ऐकून एकच विचारलं, “कसली झाडं आसतील तितं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. माळ्याला सुचेल असाच प्रश्न होता तो, आणि मला वाटतं बाबासाहेबांना तो आवडला असता. पुढे दिल्लीत बंगला मिळाल्यावर त्यांनी हौसेनं बाग राखली. मुंबईत दादरला ‘राजगृह’ बांधलं ते मुख्यतः पुस्तकांसाठी. ज्याला धर्मशाळेच्या अंधारात कंदिलावर वाचावं लागलं त्यानं पुस्तकांना घर दिलं, आणि ज्याला बागेत निराधार बसावं लागलं त्यानं पुढे स्वतःच्या दारात झाडं वाढवली. हे मी भावनेच्या भरात जोडतोय असं कुणी म्हणेल. म्हणू दे. पण बाबासाहेबांनी याच गोष्टीचा कायदाही केला आहे, आणि तो भावनेचा विषय नाही.

१९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. या काळातल्या दोन गोष्टी तरुणांनी पाठ कराव्यात. पहिली, १९४५ च्या कारखाना दुरुस्ती कायद्यानं बारमाही कारखान्यातल्या कामगाराला वर्षभर सलग काम केल्यावर दहा दिवसांची पगारी रजा मिळाली. दुसरी, १९४६ च्या दुरुस्तीनं अशा कारखान्यांतला कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. म्हणजे आज जिला आपण ‘हक्काची रजा’ म्हणतो, तिच्या मागे बाबासाहेबांचा हात आहे. मी २६ एप्रिलला जो रजेचा अर्ज दिला, त्याच्याही मागे.

आणि हे त्यांनी केवळ प्रशासक म्हणून केलं नाही. ‘काँग्रेस आणि गांधी यांनी अस्पृश्यांसाठी काय केले’ या १९४५ च्या ग्रंथात, गांधीवादाची चिकित्सा करताना, ते फुरसतीचा मुद्दा फार गंभीरपणे मांडतात. पोट भरण्यासाठीच्या कष्टात ज्याचा सगळा दिवस जातो त्याला संस्कृती घडवता येत नाही. माणसाला जनावरापासून वेगळं करणारं जे काही आहे, विचार, कला, ज्ञान, त्यासाठी फुरसत लागते. यंत्रं हवीत ती त्यासाठी. ज्या समाजात मूठभरांना फुरसत आणि बाकीच्यांना फक्त कष्ट, तो समाज लोकशाही नव्हे. माझ्या शब्दांत सांगितलं, पण मुद्दा त्यांचा आहे. ग्रंथ काढून वाचा.

आता माझ्या त्या तरुण मित्राला उत्तर. मित्रा, चळवळ सुट्टीवर गेलेली नाही. सुट्टी ही चळवळीचीच मागणी आहे. ती जुनी मागणी आहे आणि ती अजून पूर्ण झालेली नाही.

पूर्ण झालेली नाही हे मी मुद्दाम म्हणतो, कारण इथे एक खरा आक्षेप आहे आणि तो टाळून चालणार नाही. मला पगारी रजा आहे. माझ्या ऑफिसची फरशी पुसणाऱ्या ताईंना नाही. त्या ठेकेदाराच्या माणूस. एक दिवस नाही आल्या तर त्या दिवसाचे पैसे गेले. आमच्या भागात घंटागाडीवर असलेला भाऊ, जो जयंतीला माझ्यासोबत झेंडा धरून चालतो, त्याचंही तेच. आबांचा खाडा संपला १९९० मध्ये, ते कायम झाले तेव्हा. या लोकांचा खाडा अजून चालूच आहे, आणि हे लोक कोणत्या वस्त्यांमधून येतात हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही. मग मी मोगऱ्याचं कौतुक करत बसावं का?

माझं उत्तर असं की, मोगऱ्याचं कौतुक करणं चूक नाही, ते एकट्यानं करून थांबणं चूक आहे. आपण आपल्या निवेदनांत किमान वेतन लिहितो, भविष्य निर्वाह निधी लिहितो, सुरक्षा साधनं लिहितो. रजा शेवटच्या ओळीत येते, कधी येतच नाही. जणू आपल्या माणसाला सुट्टीची गरजच नसते. ही समजूत आपल्या मनात कुणी पेरली? ज्यांना आपण सतत राबताना दिसायला हवे होतो त्यांनीच. त्यांची समजूत आपण क्रांतीच्या नावाखाली स्वतःवर चालवून घेऊ नये.

शिवाय एक साधा हिशेब आहे. न थांबता धावणारा कार्यकर्ता वाचत नाही. मी चार वर्षं वाचलेलं नव्हतं. मोबाइलवर येणारे मजकूर वाचत होतो, पुढे ढकलत होतो, त्यावर भांडत होतो. बाबासाहेबांच्या नावावर खपवलेली खोटी वाक्यं माझ्याही हातून पुढे गेली असतील. ज्या माणसानं आयुष्यभर पहाटेपर्यंत वाचलं, त्याचे आपण अनुयायी. आणि आपल्याला पाच दुपारी सलग बसून पन्नासएक पानांची पुस्तिका वाचायला सवड नाही? तिला काय म्हणायचं, चळवळ की घाई?

एक आठवण सांगतो आणि थांबतो. आबा कायम झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना पगारी रजा मिळाली, तेव्हा तिचं काय करायचं हे त्यांना कळेना. आई म्हणाली माहेरी जाऊ. आबा म्हणाले मुंबईला. आम्ही एसटीनं गेलो. चैत्यभूमीवर डोकं टेकलं आणि मग विचारत विचारत हिंदू कॉलनीत, राजगृहासमोर. मी तेव्हा दहा वर्षांचा. मला वाटलं होतं आबा काहीतरी बोलतील, घोषणा देतील. ते दारासमोरच्या कुंड्यांकडे बघत उभे राहिले. मग वाकून एका कुंडीतली माती बोटानं चाचपली, ओल आहे का बघितली आणि समाधानानं मान हलवली.

७ जुलै २०२० च्या संध्याकाळी राजगृहावर हल्ला झाला. काचांवर दगड, कॅमेऱ्याची मोडतोड आणि आवारातल्या झाडांच्या कुंड्यांची नासधूस. तुम्हाला आठवत असेल, टाळेबंदीचे दिवस होते, आपण सगळे संतापलो होतो. मी पत्रक लिहीत बसलो होतो तेव्हा आबांचा फोन आला. राजकारणावर ते मला कधी फोन करत नाहीत. बराच वेळ ते काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “कुंड्या फोडल्या रं त्यांनी.” आणि फोन ठेवला.

मी पत्रक पूर्ण केलं. ते कुठे गेलं, कुणी वाचलं, मला आज आठवत नाही. आबांनी त्याच आठवड्यात दारापुढची दगडगोट्यांची जागा खणायला घेतली. निवृत्त झाल्यापासून ते झाडांच्या वाटेला गेले नव्हते. ‘लई केली बागकामं’ म्हणायचे. ती सगळी बाग, तो बहावा, तो मोगरा, त्या जुलैमधला आहे. मला हे या सुट्टीत कळलं, तेही आईकडून. चार वर्षं मी त्या झाडांच्या बाजूनं रात्री घरात शिरत होतो आणि पहाटे बाहेर पडत होतो. मी कधी विचारलंही नव्हतं की ती कधी लावली.

१ मे ला आम्ही परत निघालो. कामगार दिनाची सुट्टी, त्यामुळे मसूर स्टेशनावर गर्दी होती. आबा पोचवायला आले होते. गाडीला उशीर होता. लेक फलाटावर इकडून तिकडे चालत होती. मग माझ्याजवळ येऊन म्हणाली, “बाबा, ते कुठे बसले असतील? इथे की बाहेर?” मी म्हटलं, नक्की सांगता येणार नाही. तिनं आपली पाण्याची बाटली उघडली, घोटभर प्यायली आणि ती आबांच्या हातात दिली. आबांनीही प्यायलं. उरलेलं पाणी त्यांनी सवयीनं फलाटाच्या कडेच्या एका वाळत चाललेल्या रोपाच्या बुडाशी ओतलं.

तरुण मित्रांनो, या उन्हाळ्यात दोन कामं करा. आपल्या वस्तीतल्या अभ्यासिकेत, विहारात, झाडाखाली, कुठेही पोरांना गोळा करा आणि ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ त्यांच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या. मध्ये बोलू नका. त्यांचे प्रश्न ऐका. आणि दुसरं, ठेक्यावर काम करणाऱ्या आपल्या प्रत्येक भावाबहिणीला विचारा की वर्षाला किती पगारी रजा मिळतात. उत्तरं लिहून घ्या. पुढच्या निवेदनात ती मागणी पहिल्या ओळीत घालू.

आणि घरी जाऊन या. आईवडिलांनी दारात काय लावलंय ते बघा. कधी लावलं, का लावलं, ते विचारा.

जय भीम.